रुपयाचा खुर्दा

राज्यांच्या वैभवाचा इतिहास लिहिणारी लेखणी सोन्याच्या होनापाशी आणि चांदीच्या रुपयापाशी जितक्या आदराने थबकते, तितक्या आदराने ती तांब्याच्या पैशापाशी थबकल्याचे सहसा आढळत नाही. आणि पैशाच्याही खाली उतरून कवडीपर्यंत जाण्याची तसदी तर फारच थोड्यांनी घेतलेली आहे. वास्तविक होन आणि मोहरा ज्यांच्या हातांतून फिरल्या ती माणसे मोजकी होती. सावकार, सरदार, दरकदार आणि देवस्थानांचे पुजारी सोडले, तर सोन्याच्या नाण्याचे दर्शन उभ्या हयातीत एकदाही न झालेली घराणी गावोगाव होती. रुपया शेतकऱ्याच्या घरी येई तोही बहुधा साऱ्याच्या हप्त्यापुरता, आणि आला तसा पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून कचेरीत जाई. मीठ-मिरची, दिव्याचे तेल, पान-तंबाखू आणि देवापुढचे खोबरे हा जो रोजचा व्यवहार, तो सारा खुर्द्यावर चाले. आणि हा खुर्दा कोठून येई, तो कोण पाडी, त्याचा भाव कोण ठरवी, याचा शोध घेऊ लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. राज्यकर्त्यांचे हिशेब आण्या-पैपर्यंत बारीक उतरत असत, परंतु हिशेबातला तो बारीक अंश रयतेच्या तळहातावर प्रत्यक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणत्याही दरबाराने मनापासून आपली मानली नाही. ते काम कधी समुद्राने केले, कधी इराणातल्या एका कडू झुडपाने, कधी मक्तेदार सोनाराने, तर कधी दुकानदाराच्या बरणीतल्या गोळ्यांनी.

प्रारंभ भास्कराचार्यांपासून करणे सोयीचे, कारण त्यांच्या हिशेबात कवडीला रीतसर मान आहे. इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’च्या आरंभीच त्यांनी नाण्यांचे जे कोष्टक दिले आहे, त्याची पहिली पायरी वराटक, म्हणजे कवडी, ही आहे. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, असा तो क्रम आहे. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख आजही पाहावयास मिळतो. तेव्हा खानदेशातल्या त्या मठातील विद्यार्थ्यांनी हेच कोष्टक घोकले असेल, असे मानण्यास हरकत नाही. या कोष्टकाप्रमाणे एका द्रम्माच्या कवड्या १२८० होतात. आता गंमत अशी, की पुढे कित्येक शतकांनी बंगाल आणि ओरिसा या प्रांतांत कवड्यांचा जो सरकारी हिशेब चाले, त्यात चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण आणि सोळा पणांचा काहाण धरीत. आणि गुणाकार करून पाहिला तर काहाणाच्या कवड्याही नेमक्या १२८० च भरतात. मधल्या काळात राजघराणी बुडाली, नाण्यांवरची लिपी बदलली, भाषा बदलली, परंतु बाजारातल्या त्या गुणाकाराला कोणी धक्का लावला नाही.

ही कवडी आपल्या किनाऱ्यावरची नव्हे. चलनात वापरली जाणारी, पाठीवर किंचित पिवळसर आणि पोटाशी दातेरी चीर असलेली ती लहान कवडी मुख्यतः मालदीव बेटांतून येई. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकात मालदीवात काजीच्या हुद्द्यावर होता, आणि त्याने या उद्योगाचे वर्णन मोठ्या बारकाईने केलेले आहे. समुद्रातून हे प्राणी वेचून आणीत, किनाऱ्यावर खड्डे खणून त्यांत टाकीत, आतले मांस कुजून गेले की मागे पांढरे कवच राही. ती कवचे बंगालच्या व्यापाऱ्यांना देऊन मालदीवचे लोक मोबदल्यात तांदूळ घेत. सोन्याच्या एका दीनाराला तेथे ४ लाख कवड्या पडत, कधी त्याहूनही अधिक. येमेनचे खलाशी तर जहाजाच्या तळाशी भार म्हणून वाळूऐवजी कवड्याच भरून नेत. हाच इब्न बतूता पुढे आफ्रिकेतल्या माली देशात गेला, तेव्हा तेथे एका दीनाराला अवघ्या ११५० कवड्या मिळताना त्याने पाहिल्या. बेटावर जी वस्तू वाळूच्या मोलाची होती तीच वाळवंट ओलांडताच धन झाली, आणि या तफावतीचा पुरेपूर लाभ पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी उठविला. डच आणि इंग्रज कंपन्यांनी हिंदुस्थानातून आणि सिंहलद्वीपातून विकत घेतलेल्या कवड्या युरोपमार्गे गिनीच्या किनाऱ्यावर नेल्या जात व तेथे त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. आपल्याकडे आराध्यांच्या गळ्यात आईच्या नावाने जी माळ रुळते आणि सारीपाटावर जिचे दान पडते, त्याच कवडीच्या भावाने गुलामांची खरेदी होत होती, ही हकीकत ऐकून मन उद्विग्न झाल्यावाचून राहत नाही.

देशाच्या आत कवडीचा भाव वाहतुकीवर ठरे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार येऊन गेलेला फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये सांगतो, की समुद्राजवळच्या मुलखात एका पैशाला ८० पर्यंत कवड्या मिळत, आणि किनाऱ्यापासून जसजसे आत जावे तसतशी ही संख्या घटत जाऊन आग्र्यास ती ५० ते ५५ वर येई. नाण्याची किंमत बैलाच्या पाठीवरचे ओझे आणि घाटावरची जकात ठरवीत आहेत, असा हा प्रकार. तरीही कवडीला काही गुण असे होते की जे तांब्याला नव्हते. तिची नक्कल करणे कोणालाही परवडत नसे. कानस लावून तिचा कीस काढता येत नसे. ती गंजत नसे, झिजली तरी कवडीची कवडीच राही. राजा मेला किंवा राज्य पालटले म्हणून ती रद्द होत नसे, आणि तिच्यावर कोणाचेच नाव नसल्यामुळे तिच्याविषयी कोणाला तंटा करण्याचे कारणही पडत नसे.

कोणाचे नाव नसलेल्या या नाण्याने एका मोठ्या बंडास मात्र हातभार लावला, आणि त्या प्रकरणात नागपूरकर भोसल्यांचा संबंध येतो. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसा भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि त्या मुदतीत तेथील जमाबंदी कवड्यांच्या हिशेबाने चालत असे. नागपूरच्या राज्यकारभारावर इतिहासकारांनी जे आक्षेप घेतले आहेत ते सगळेच निराधार म्हणता येणार नाहीत. परंतु रयतेच्या घरात जे नाणे असेल त्याच नाण्यात सारा घेण्याचे शहाणपण त्या कारभारात होते, हेही नमूद केले पाहिजे. १८०३ साली प्रांत कंपनीच्या ताब्यात गेला आणि सारा चांदीच्या रुपयांत भरावा असा हुकूम निघाला. रुपया म्हणजे चार काहाण हा सरकारी दर कागदावर होताच, परंतु बाजारात रुपयाची मागणी एकाएकी वाढल्यामुळे एका रुपयासाठी चाराहून कितीतरी अधिक काहाण मोजावे लागू लागले. साऱ्याचा आकडा एका पैनेही न वाढवता सारा जड झाला. १८१७ साली बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाइकांनी जो उठाव केला त्याच्या कारणांत जमिनी गेल्याचे दुःख होते, मिठाची महागाई होती, आणि ही कवडीची हकीकतही होती. ज्या मुलखात तो उठाव पेटला त्याचे नाव खुर्दा असावे, हा योगायोग मराठी वाचकाला गमतीचा वाटेल. त्याला त्याहून अधिक अर्थ नाही.

पश्चिम किनाऱ्यावर कवडीबरोबर आणखी एक नाणे चाले आणि ते झाडाला लागे. गुजरातेत, विशेषतः सुरतेच्या बाजारात, पैशाच्या खालचे चलन म्हणून कडू बदाम वापरीत. हे बदाम इराणातल्या लार प्रांतातल्या खडकाळ जागी उगवणाऱ्या झुडपांचे. ते जहाजांनी सुरतेस येत. ताव्हेर्नियेच्या वेळी एका पैशाला असे ३५ ते ४० बदाम मिळत. ते इतके विषारी कडू असत की मुले चोरून खातील अशी धास्ती बाळगण्याचे कारण नव्हते, असे त्याने मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे. आणि विचार केला तर त्या नाण्याची सारी पत याच एका गोष्टीवर उभी होती. गोड बदाम चलनात आला असता तर त्याचा खजिना संध्याकाळपर्यंतही टिकता ना! मात्र या टाकसाळीवर कोणत्याही बादशहाची हुकमत नव्हती. लारमध्ये पीक बुडाले किंवा वादळात गलबत अडकले, की सुरतेच्या भाजीवालीच्या टोपलीशी खुर्द्याची टंचाई भासू लागणार हे ठरलेलेच. मोगल बादशाहीचा रुपया तेव्हा शुद्धतेबद्दल सर्व जगात नावाजलेला होता आणि त्याच बादशाहीचे सर्वांत श्रीमंत बंदर मोडीसाठी परमुलखातल्या रानझुडपाकडे डोळे लावून बसत होते.

गोव्यात याहून निराळी तऱ्हा होती. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला त्याच वर्षी तेथे नाणी पाडण्यास प्रारंभ केला, आणि पुढे तांब्याचे व कथलाचे बझारुक हे हलके नाणे बाजारात पसरले. परंतु १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्स्होतेन या डच माणसाने तेथील बाजाराचे जे चित्र रेखाटले आहे, ते पोर्तुगीज दरबाराला फारसे भूषणावह नाही. खोटी नाणी इतकी, की रस्त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर शराफ बसलेले असत आणि त्यांनी पारखून दिल्यावाचून कोणी पैसे घेण्यास धजत नसे. मुंबई इंग्रजांच्या हाती आल्यावर गव्हर्नर जेराल्ड आँजियरने १६७२ साली सोने, चांदी, तांबे आणि कथील अशा चार धातूंची नवी नाणी काढून चोख व्यवस्था लावण्याचा उद्योग केला. इंग्लंडच्या राजाच्या आणि देशाच्या नावावरून सोन्याच्या नाण्याला कॅरोलिना, चांदीच्याला अँग्लिना अशी भारदस्त नावे दिली. कथलाच्या नाण्याला नुसते टिनी म्हटले. नावे ठेवतानाही हात कोठे आखडला हे दिसून येतेच.

या पार्श्वभूमीवर शिवराईचे महत्त्व निराळे वाटते. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांच्या नावे जी नाणी पाडली गेली, त्यांत सोन्याचा होन आहे आणि तांब्याची शिवराई आहे. होन आज अगदी थोडे उपलब्ध आहेत. शिवराया मात्र जुन्या घरांच्या पायांत, नदीच्या पात्रात, तांबटाच्या मोडीत, देव्हाऱ्यातल्या डबीत अजून सापडतात. एखादी चांगली शिवराई तळहातावर घेऊन पाहावी. वजन तोळ्याच्या आसपास; कडा ओबडधोबड, कारण तांब्याचा तुकडा साच्यात ओतलेला नसून ठोकून बेतलेला. एका बाजूस ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’. छाप मोठा आणि तुकडा लहान, यामुळे ठिपक्यांचे संपूर्ण वर्तुळ क्वचितच उमटलेले दिसते. कोठे ‘श्री’चा मुकुट कापला गेलेला, कोठे ‘छत्र’ आहे तर ‘पति’ अर्धाच. पण अक्षरे नागरी आहेत. आसपासच्या सर्व सल्तनतींच्या नाण्यांवर फारसी अक्षरे चालत असताना एका लहान राज्याने नागरी अक्षरे पाडली, आणि ती सर्वांत अधिक संख्येने तांब्यावर पाडली, ही गोष्ट मला राज्याभिषेकाच्या सोहळ्याइतकीच बोलकी वाटते.

पुढच्या दीडशे वर्षांत या नाण्याचे नशीब विलक्षण ठरले. पेशव्यांच्या अमदानीत रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव फारसीत चाले आणि तांब्यावर मात्र शिवछत्रपतींचे नाव तसेच चालू राहिले. टाकसाळी बहुधा सरकारने स्वतः चालविल्या नाहीत. सोनारांना, शराफांना, कोठे वजनदार सरदारांना मक्त्याने सनदा देऊन त्यांच्याकडून ठरीव रक्कम घेण्याचा प्रघात होता. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टाकसाळींवर जो स्वतंत्र निबंध लिहिला, त्यात या कारभाराचे तपशील आलेले आहेत. मक्तेदाराचा छाप झिजला की गावचा कारागीर नवा छाप कोरी, आणि त्याला अक्षरओळख जेमतेम असली तर त्याचा पुरावा नाण्यावर कायमचा राहून जाई. ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’, ‘सीव’ अशी सर्व रूपे शिवरायांवर आढळतात; ‘छत्रपति’च्या शेवटच्या वेलांटीचे तर काही निश्चितच नाही. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी खेद मानावा, परंतु बाजारात त्या वेलांटीमुळे एका मिरचीचाही फरक पडला नाही. कंपनीच्या अमलातही आरंभीची काही वर्षे शिवराई पाडली जात होती, आणि ती लोकांच्या हातून पूर्णपणे निघून जाण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. राज्य जाऊन दोन पिढ्या झाल्यावरही राजाचे नाव भाजी विकत घेत होते.

रुपयाची अवस्था त्या काळी याहून गुंतागुंतीची होती. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, मिरजी, हाली अशा नाना नावांचे रुपये एकाच पेठेत फिरत, त्यांचे कस निराळे, आणि एका रुपयाचा दुसऱ्यात बदल करताना बट्टा द्यावा लागे. गावात ही पारख सोनाराकडे असे. पोतदारी त्याची, सारा भरण्याच्या वेळी चावडीवर बसून एकेक रुपया दगडावर वाजवून, कसाला लावून, खरा-खोटा सांगणे हे त्याचे वतनी काम. सरकारी हिशेबात बट्टा ही वसुलाची एक स्वतंत्र बाब असे. म्हणजे नाणे सरकारच्या सनदेने पडलेले, ते झिजले बाजारात, आणि झिजेची भरपाई करावयाची कुळाने! मराठवाड्यात तर निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांच्यातला हा हिशेब अगदी स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षे चालू राहिला. सात हाली म्हणजे सहा कलदार हा ठोकळ भाव सरहद्दीवरच्या गावांतल्या पोराटोरांनाही तोंडपाठ असे.

१८३५ च्या कायद्याने कंपनीने आपल्या सर्व मुलखात १८० ग्रेनांचा एकच रुपया कायम केला. तांब्याच्या नाण्यांची घडी बसण्यास त्यानंतरही कित्येक वर्षे लागली. चांदीचा प्रश्न सुटला की निकड संपली, ही जुनी रीत येथेही पाळली गेली. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया हे कोष्टक मग शंभर-सव्वाशे वर्षे शाळांतून घोकले गेले. पण या कोष्टकात एक खुबी आहे जी घोकणाऱ्या मुलांच्या सहसा लक्षात येत नसे. अर्ध्या आण्याचे तांब्याचे नाणे होते, दोन आण्यांची चांदीची चवली होती, पावली आणि अधेली होती. परंतु ज्या आण्याच्या नावाने हे सर्व मोजले जाई, तो आणा स्वतः नाण्याच्या रूपाने हिंदुस्थान सरकारने १९०७ पर्यंत काढलाच नव्हता. त्या साली नागमोडी कडेचा निकेलमिश्र धातूचा आणा प्रथम पडला. तोपर्यंत आणा ही केवळ हिशेबातली वस्तू होती.

आणि तरी त्या अदृश्य आण्याचा अंमल केवढा! भाऊबंदकीत जमिनीचे वाटे आण्यांत पडत. देवस्थानच्या उत्पन्नात कोणाचा चार आणे हक्क, कोणाचा दीड आणा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतातले पीकही आण्यांत मोजले जाई. सोळा आणे म्हणजे पुरे पीक. पावसाने ओढ दिली की किती आणे पिकले याचा अंदाज महसूल खात्याने ठरवावयाचा, आणि त्या आणेवारीवर साऱ्याची तहकुबी मिळणार की नाही हे अवलंबून. मुंबई इलाख्याच्या नियमाप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी उतरले तर त्या सालचा सारा संपूर्ण तहकूब करावयाचा असे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात याच नियमावरून प्रसंग उभा राहिला. अतिवृष्टीने पीक बुडाले होते. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांनी जो सत्याग्रह चालविला त्याची कायदेशीर बाजू या एका अपूर्णांकावर उभी होती. चार आणे ही रक्कम नव्हती, ते एका उभ्या पिकाचे मोजमाप होते. आणि ते मोजमाप शेताच्या बांधावर ठरावे की कचेरीच्या मेजावर, हा तेथला खरा तंटा होता.

दुसऱ्या महायुद्धाने खुर्द्याचा प्रश्न शहरांतही आणून सोडला. धातू महागला, लोकांनी नाणी घरात दडवली, आणि गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे हा गुन्हा ठरविण्याची पाळी सरकारवर आली. काठेवाडातल्या काही संस्थानांनी तर पुठ्ठ्याच्या कागदाची लहान लहान कूपने छापून पैशाऐवजी चालविली. १९४३ साली मधोमध भोक असलेला पैसा निघाला. जुन्या ब्राँझच्या पैशाच्या मानाने त्याचे वजन निम्म्याहूनही कमी. धातू वाचविण्यासाठीच ते भोक. ओवून माळ करण्याची सोय झाली म्हणून पोरे खूष झाली, आणि बाजारात वायसर त्याहून महाग असल्यामुळे पुष्कळ पैसे बोल्टाखाली जाऊन बसले. सरकारला जे सुचले नव्हते ते लोहाराला तत्काळ सुचले.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे शंभर भाग झाले, आणि नव्या पैशावर नाण्याचे नाव तेवढे न लिहिता ‘रुपये का सौवाँ भाग’ अशी व्याख्याच कोरण्यात आली. नाण्याने स्वतःचे गणित स्वतःच शिकविण्याचा असा प्रसंग विरळा. प्रश्न आला तो संधिकालात. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पावाचे नाणे तर नाही. म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे असा मोबदला ठरला. एकेक आण्याच्या चार वस्तू चार वेळा घेणाऱ्याचे २४ जात आणि एकदम घेणाऱ्याचे २५. तीन आण्यांच्या मालाला मात्र गिऱ्हाईक पाव पैशाने बुडे. सुशिक्षित लोक खिशात तक्ता बाळगीत. बाजारात आलेल्या बाया तो दुकानदाराच्या डोळ्यांत वाचीत आणि शक्य तोवर चार आण्यांच्या पटीतच खरेदी करीत, कारण तेथे दोन्ही हिशेब बिनतक्रार जुळत. १९६४ च्या जूनमध्ये पैशाचे ‘नवे’पण अधिकृतरीत्या संपले.

त्यानंतरच्या काळात महागाईने जे काम केले ते कोणत्याही कायद्याहून झपाट्याचे होते. पैसा गेला, पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची हलकी नाणी भिकाऱ्यांनीही परत करावीत अशी स्थिती आली. खुर्द्याची टंचाई मात्र गेली नाही. वाण्याच्या दुकानात पन्नास पैशांच्या ऐवजी गोळी हातावर पडू लागली. सुरतेचा बदाम निदान गिऱ्हाइकालाही परत दुकानात चालविता येई, ही गोळी वाणी स्वतः परत घेत नसे. एस. टी.च्या वाहकाने त्यापेक्षा सचोटीची युक्ती काढली. सुटे नसले की तो तिकिटाच्या पाठीवर देणे असलेला आकडा पेन्सिलीने लिहून त्याला गोल करी. तो कपटा मग मुक्कामापर्यंत प्रवाशाची हुंडी होई. उतरण्याचे ठिकाण आले की दाराशी गर्दी, हात उंचावलेले, चिमटीत तिकिटे, आणि वाहक चामड्याच्या पिशवीत बोटे फिरवीत एकेकाची फेड करीत असलेला, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा महाराष्ट्रीय माणूस विरळा. दोघांजवळही सुटे नसले तर एकच नोट दोन प्रवाशांत मिळून द्यावयाची आणि त्यांनी खाली उतरून आपसात निकाल लावावयाचा, असाही तोडगा निघे. या निमित्ताने अनोळखी माणसे स्थानकावरच्या चहाच्या टपरीपर्यंत एकत्र गेलेली आहेत.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी कायद्याने चलनातून काढण्यात आली. आता तर भाजीवालीच्या गाडीवरही चौकटीचौकटींचा तो छापील कागद लटकतो, आणि भ्रमणध्वनीवरून रुपयांबरोबर पैसेही दशांश चिन्हापुढे इकडून तिकडे बिनबोभाट जातात. हिशेबातला बारीक अंश हातात कसा द्यावा हा प्रश्न, हात मधून काढून टाकून, सोडविण्यात आला आहे. ज्याच्याजवळ ते यंत्र नाही, किंवा ज्याच्या गावात त्याला वारे मिळत नाही, त्याच्यापुढे तो अद्याप उभाच आहे.

महसूल खाते मात्र आपल्या जुन्या रिवाजाला धरून आहे. आणेवारीची पैसेवारी झाली एवढाच काय तो फरक. दर साली खरिपाची पिके उभी असताना नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि वर्ष सरता सरता अंतिम; गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लागली की दुष्काळी सवलतींचा मार्ग मोकळा होतो, एकावन्न लागली की तहसील कचेरीवर मोर्चा निघतो. आकडा कोणी आणि कोणत्या शेतात उभे राहून काढला, हा खेड्याच्या सत्याग्रहातला प्रश्न त्या मोर्च्यात आजही विचारला जातो, आणि तहसीलदार निवेदन स्वीकारून ते वरिष्ठांकडे पाठवितो.